उधार नेलेला पुतळा

समोरच्या जिन्यातल्या सिस्टरांनी मला फसवलं. माझ्या दुकानाच्या काचेत सफारी घालून उभा असलेला पुतळा त्यांनी ‘शनिवारपुरता’ म्हणून नेला आणि कधीच परत दिला नाही. मी फुटपाथवर बनियनं विकत सदाशिव पेठेत दुकान उभं केलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या चपलेकडे बघून ते किती घासाघीस करणार हे मी सांगतो. साऱ्या पुण्यात मला गंडवलं ते एकट्या या बाईने.

सिस्टर सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांना मान्य नव्हतं. मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेला, गल्लीतली निम्मी पोरं हिंजवडीच्या बसमध्ये चढू लागलेली; सिस्टरांनी मात्र गल्लीतली शाळा धरली. शनिवारी शाळा सुटली की शिक्षक, शिपाई, कारकून सगळ्यांना थांबवून, माणूस कोसळला तर काय करायचं ते माझ्या पुतळ्यावर शिकवायच्या. छाती दाबता यावी म्हणून त्यांनी ती कापून आत स्कूटरच्या सीटचा स्पंज भरला. मी भांडायला गेलो तर म्हणाल्या, “सफारी परत मिळाली ना? मग दुखतंय कुठे?”

शिकवण्यापेक्षा त्यांना परीक्षा घेण्याची आवड जास्त. न सांगता कोसळायच्या. स्टाफरूममध्ये, जिन्यात, एकदा तर पालकसभेत, भाषण करणाऱ्या हेडमास्तरांच्या पायाशी. मग एक डोळा किलकिला करून कोण काय करतं ते बघायच्या. गणिताच्या बाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या, तर बेशुद्धीतूनच आवाज आला, “बेशुद्ध माणसाला पाणी पाजताय? मग पिंडाचंही बघून ठेवा.” कोणी हुंगवायला कांदा आणला की म्हणायच्या, “तो पोह्यात घाला.” पुढेपुढे शाळेला ते इतकं अंगवळणी पडलं, की सिस्टर पडल्या की शिपाई चहाचा कप खाली ठेवायचा, त्यांना मुकाट्याने कुशीवर वळवायचा आणि पुन्हा कप उचलायचा.

मी पुतळा मागायला जातच होतो. “अहो, धंदा बुडतोय माझा.”

“तुमच्याकडे नुसता उभा होता,” त्या म्हणायच्या. “इथे दर शनिवारी मरून जिवंत होतो.”

आणि एका दुपारी माझ्या मुलीला वर्गातच फिट आली. पहिलीच. शाळा दोन दुकानं सोडून. गल्ला उघडा टाकून धावलो. बाकं बाजूला सरकवलेली, पोरं बाहेर काढलेली, तिच्या डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर. शिपाई डॉक्टरांकडे गेलेला. तिचे हातपाय झटके देत होते आणि गणिताच्या बाई शेजारी बसून घड्याळ बघत होत्या. मी पायातली चप्पल काढली, तिला हुंगवायला. बाई वर न बघता म्हणाल्या, “चप्पल पायात घाला आणि गप्प उभे राहा.” माझ्याशी असं बोलून कोणी धड परत गेलेलं नाही. मी चप्पल घातली. झटके थांबले, बाईंनी तिला कुशीवर वळवलं. डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं बरोबर केलंत.

संध्याकाळी सिस्टरांकडे गेलो. म्हणाल्या, “कळलं मला. पुतळा न्यायला आलात?”

“शनिवारी येतो,” मी म्हणालो. तो शनिवार मी कधी उगवू दिला नाही.

सिस्टर पुढे मुलाकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. गणिताच्या बाई आणि शिपाई निवृत्त झाले. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, कॉम्प्युटरची खोली एसीने गार झाली. परवा संस्थेच्या चिटणिसांचा फोन आला, “तुमचा पुतळा अडगळीत पडलाय, घेऊन जा.” गेलो. झेंड्यांच्या काठ्यांमागे तो आडवा पडला होता. छातीवर अजून तळव्यांचा खड्डा आहे, त्यात धूळ साचलीय. नव्या शिक्षकांपैकी एकालाही तो कशासाठी होता ते ठाऊक नव्हतं. चिटणीस म्हणाले, “न्या हो, कुणाला काय उपयोग त्याचा?”

वस्तू माझी आणि फुकट मिळत होती, तरी मी तिथेच ठेवून आलो. चिटणीस साहेब, उद्या तुमच्या शाळेत कुणाची पोर कोसळली तर तिच्या शेजारी कोण बसणार, आणि तिच्या बापाला गप्प कोण उभं करणार? नाव सांगा. मी शनिवारी येतोय, आणि या वेळी खरंच येतोय.