वन्संना तपासणीला नेणाऱ्या डॉक्टर शैलजाताई

डॉ. शैलजाताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मोठमोठे डॉक्टर लिहिणार. मी चौथीत शाळा सोडलेली धारची म्हातारी. पण आजींचा लेख हवा आणि त्यातलं काही कापायचं नाही, असं त्यांनीच बजावलं, म्हणून लिहिते.

पहिली भेट देवासला झाली. आमच्या यजमानांचं अन्न खाली उतरेना, म्हणून पोटात दुर्बीण घालून बघायला नेलं होतं. जठराचा कर्करोग निघाला. शैलजाताई त्याच आजारावर संशोधन करतात. त्यांनी तपासायला जठराचा एक कण मागितला आणि आधीच सांगून टाकलं, "याचा तुम्हाला काही फायदा नाही. पुढच्या कोणाला झाला तर झाला."

यजमान म्हणाले, "घ्या की. तसंही ते माझ्याशी धड वागत नाहीये."

मला ही बाई तिथेच पटली. दवाखान्यात फायदा नाही असं तोंडावर सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांचं काम काय, ते मी विचारून घेतलं. पेशींत जनुकं असतात. त्यांतल्या काहींचं काम म्हणजे बेफाम वाढणाऱ्या पेशींना आवरणं. त्यांच्यावर मिथाइल नावाची बारीकशी चिकटण बसत जाते. जनुक मोडत नाही, नुसतं गप्प होतं. याला मिथायलेशन म्हणतात. मी म्हटलं, घरातलं दटावणारं माणूस गप्प झालं की पोरं उंडारतात, तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसं, पण तुमच्या घरी तो धोका दिसत नाही. चिकटणीच्या या खुणा आजार दिसण्याच्या पुष्कळ आधीपासून उमटू लागतात. त्या वाचून धोका कोणाला जास्त, हे वेळेत ओळखता यावं, यासाठी त्यांची सारी मेहनत. सत्काराच्या पत्रकात कोणी 'कर्करोगावर मात' असं छापायला घेतलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. अजून पारखतो आहोत, इतकंच लिहा म्हणाल्या.

यजमान गेले. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, असं शैलजाताईंनी सांगितलं होतं. भावंड एकच, आमच्या वन्सं. त्या आमच्याकडेच राहतात. त्यांनी साफ नकार दिला. दादा वहिनीच्या तिखटानं गेला, मी तिच्या हातचं तिखट खात नाही, मग मला कशाला दुर्बीण, असं आल्यागेल्याला सांगत. मला बोल लावायचे तर लावोत. पण त्यांच्या पानातली पोळी रोज उरत होती.

मी देवासला निरोप धाडला. शैलजाताई पाहुण्यांना इथून जवळचा मांडूचा किल्ला दाखवायला निघाल्या होत्या. "भिया, इनको घुमा लाओ, मैं यहीं रुकती हूँ," असं गाडीवाल्याला सांगून आमच्या दारात उतरल्या. जेवल्या, ठेचा मागून घेतला आणि वन्संजवळ जाऊन बसल्या. हा आजार कोणा एकीच्या फोडणीनं होत नाही, म्हणाल्या. तंबाखू, फार खारट खाणं आणि पोटातला एक जंतू, असं वर्षानुवर्षं साचत जातं. त्या जंतूनं जठर सुजत राहिलं की त्या खुणाही वाढतात. आणि तो जंतू बहुधा लहानपणीच लागतो, एका घरात वाढणाऱ्या भावंडांना.

म्हणजे मी या घरात यायच्या आधी. मी लगेच म्हटलं, "ऐकलंत वन्सं? तुमच्या माहेरचाच निघाला."

शैलजाताई माझ्याकडे वळल्या. "आजी, ही जिंकायची गोष्ट नाही. त्या घाबरल्या आहेत."

मला आजवर घरात कोणी गप्प केलेलं नाही. त्या दिवशी मी झाले.

वन्संनी पदर चाळवत हळूच विचारलं, "नळी घालताना दुखतं का हो?"

"घसा दुखेल थोडा. मी हात धरून उभी राहीन."

"वहिनी आत नको."

"आजी नाही येणार."

जंतू निघाला, आणि जठरात अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची एक जागाही निघाली. ती दुर्बिणीतूनच काढता आली. शैलजाताई शब्दाप्रमाणे हात धरून उभ्या होत्या. गोळ्यांनी जंतू गेला. त्यानंतरही धोका कमी झाला आहे, संपलेला नाही, हे त्यांनी वन्संना स्पष्ट सांगितलं. म्हणून वन्सं दर वर्षी देवासला जातात, आणि जाताना ठेवणीतलं लुगडं नेसतात.

शैलजाताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, डोळे आणि हात शेवटपर्यंत चोख राहोत. काम अर्ध्यावर आहे असं तुम्हीच म्हणता, तेव्हा ते पुरं होईल इतकं आयुष्य तुम्हाला मिळो. वन्सं शेजारी बसून सांगताहेत, तेही लिहिते: "वहिनी, त्यांना म्हणावं, माझ्याआधी जायचं नाही. दुसऱ्या कोणाला मी तोंडात नळी घालू देणार नाही."