पिठाची लंका

धवलारणीला ‘नाय’ म्हणता येत नव्हतं. बाकी सगळं येत होतं. भरल्या मांडवात पन्नास बायकांचा गलका चाललेला असला तरी तिने पहिली ओळ काढली की सगळ्या गप्प बसायच्या. नवऱ्या मुलाच्या दारू प्यालेल्या काकाला ती नुसत्या नजरेने खाली बसवायची. पण दारात कुणी सुपारी घेऊन उभा राहिला, की या बाईचा हात आपोआप पुढे जायचा. त्या हातावर माझा राग आहे. ती गेली तरी तो गेलेला नाही.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भट असला तरी धवलारीण लागतेच. हळद लागताना, नवरीला पाटावर बसवताना ती जुनी गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात. ते झाल्याशिवाय लग्न लागलं असं म्हातारी माणसं मानत नाहीत. तिला बोलवायला पत्रिका चालत नाही. घरचा कर्ता माणूस येऊन तिच्या हातात सुपारी ठेवतो. सुपारी घेतली की शब्द दिला. मग घरात कुणी आजारी असो की काही असो, जायचंच. मी तिची मागची होते. तिने ओळ टाकली की मी उचलायची. न्हाण येण्याआधीपासून आम्ही एकमेकींना ओळखत होतो, त्यामुळे मी तिला काय वाटेल ते बोलू शकत होते, आणि बोललेही. तिने ऐकलं कधीच नाही.

लंकेचं खूळ तिने स्वतःच काढलं. एका लग्नात सीतेच्या लग्नाचा धवला म्हणून आम्ही चहा घेत बसलो होतो. एकदम म्हणाली, “गो, आपून जल्मभर सीतेचं लगीन गातो. पुढं त्या बायला नेऊन कुठं ठेवलंन, ते कदी बघितलंस?”

“रावनाच्या घरी ठेवलंन. तुला काय करायचंय?”

“मला जागा बघायची हाय. लग्नाची गानी सगल्यांना पाठ. ती एकटी बसली होती तिकडं कोनीच जात नाय.”

मला वाटलं, चहाबरोबर विरेल. विरलं नाही. चार दिवसांनी मला ओढत पनवेलला घेऊन गेली. एसटी स्टँडच्या समोर वरच्या मजल्यावर एक सहलवाला बसतो. तरुण, गोरापान, तोंडाला आजी-आजी लावलेलं. त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. कोलंबो, कँडीचं देऊळ, चहाचे मळे, खाली गॉलचा किल्ला, आणि परत. “सगळे हेच करतात आजी.”

तिने नकाशावर बोट ठेवलं. “आनि ही वरची बाजू?”

“तिकडे जाफना. फार लांब पडतं.”

“ही उजवीकडची?”

“त्रिंकोमाली. तिकडे तुमच्या वेळेला पाऊस असतो.”

“भिजू. बेटाला पानी सगलीकडून हाय ना? मग सगलीकडून फिरायचं. अर्धा फेरा सोडून कुनाचं लगीन लागतं काय?”

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने त्याला फिरायची दिशाही ठरवून दिली. कोलंबोहून वर जाफना, तिथून उजवीकडे उतरून त्रिंकोमाली, मग मधल्या डोंगरात कँडी आणि नुवारा एलियाचं सीतेचं देऊळ, मग खाली गॉल आणि परत कोलंबो. प्रदक्षिणा घालावी तशी. तो म्हणाला, “आजी, गाडीला उलटं-सुलटं नसतं.” ती म्हणाली, “गाडीला नसंल. मला हाय.”

कधी जायचं, हे तिने क्षणात सांगितलं. पौषात. पौषात आमच्याकडे लग्न काढत नाहीत. तुळशीच्या लग्नापासून पावसापर्यंत ती गावाची, मधला पौष तेवढा तिचा. आम्ही दोघींनी पासपोर्ट काढले. चौकशीला आलेल्या पोलिसाने तिला विचारलं, काय काम करता? म्हणाली, “लग्नं लावते. तुजं झालंय?” तो बिचारा लाजला.

मग सुरू झालं तिचं पिठाचं. लग्नात धवलारीण तांदळाच्या पिठाने जमिनीवर चौक घालते. तशी ती दुपारी स्वयंपाकघरातल्या लादीवर चिमटीतून पीठ सोडून लंका काढायची. वर निमुळती, खाली फुगलेली. पासपोर्टच्या धावपळीत तिने तो नकाशा इतका बघितला होता की काठाची वळणंसुद्धा बरोबर यायची. मग एकेका गावाच्या जागी सुपारी. लग्नालग्नातून जमलेल्या सुपाऱ्यांचा तिच्याकडे डबा भरलेला होता. जाफन्याला एक, त्रिंकोमालीला एक, डोंगरातल्या सीतेला सगळ्यांत मोठी. मला समोर बसवायची आणि विचारायची, “हितून निघालो. दुपारचं जेवन कुठं?” मी म्हणायची, “मला काय माहीत?” तर रागवायची. सुनेने एकदा सांगितलं, “आई, हे सगळं मोबाईलवर दिसतं. रोज लादी खराब कशाला?” धवलारीण म्हणाली, “मग तुजं लगीन बी मोबाईलवरच लावायचं होतं. माजा घसा तरी वाचला असता.”

पहिल्या वर्षी मार्गशीर्ष संपत आला आणि लॉनवाला आला. त्याच्या बापाची भातशेती होती. जमिनीला भाव आला तेव्हा याने तिथे भात काढून विलायती गवत लावलं, कमान उभारली आणि लग्नाला भाड्याने द्यायला लागला. त्याच्याच मुलीचं लग्न होतं.

“आत्ये, हलद पौषात धरलीय.”

मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, “पौषात? तुज्या घरात पंचांग नाय काय रं?”

“मावशे, आता कोन बघतो? जावयाला रजा तवाच हाय. आनि मार्गशीर्षात, माघात लॉन दुसऱ्यांना दिलेलं हाय. पौषात रिकामं असतं.”

म्हणजे स्वतःच्या मुलीचं लग्न त्याने भाडेकरूंच्या उरलेल्या तारखेला लावलं. मी धवलारणीकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोल, एकदा तरी तोंड उघड. लॉनवाल्याने सुपारी पुढे केली. “आत्ये, तुज्याबिगर माज्या पोरीला हलद नाय लागनार.” आणि तिचा हात गेला पुढे.

तो गेल्यावर मी तिला शिव्या दिल्या. ती म्हणाली, “त्याच्या लग्नात त्याला मीच हलद लावली होती गो. कसं नाय बोलू?”

“तोंडानं बोलायचं. जिबेला काय झालंय?”

“पुढच्या पौषात जाऊ. लंका कुठं पलते काय?”

त्या हळदीत काय झालं ते लिहिते, म्हणजे माझा राग कुणाला फुकटचा वाटणार नाही. मैदानाच्या चार कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर. आम्हाला नऊवारी नेसवून, गजरे घालून कमानीखाली बसवलं. धवलारणीने ओळ काढली. मी शेजारी असून मला ऐकू आली नाही. कॅमेऱ्यावाला पोरगा म्हणाला, “आजी, गाणं नंतर मागे टाकू, तुम्ही नुसतं तोंड हलवा. आणि जरा हसा.” डोक्यावर ते उडतं यंत्र घरघरत होतं. दोन मिनिटांत आमचं काम झालं, आम्हाला बाजूला बसवलं आणि पोरं नाचायला लागली. यासाठी लंका सोडली होती! घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “सगला धवला म्हटला मी. सोडला नाय.” मी विचारलं, “कोनी ऐकला?”

लॉनवाल्याने वाट पाडली, मग सगळेच त्या वाटेने आले. पुढच्या वर्षी पौष लागायच्या आत तिघांच्या सुपाऱ्या तिच्या घरी. एकालाही नाही म्हणाली नाही. एकाचा आजा तिच्या सासऱ्याचा मित्र, एकाची पोर आईवेगळी, आणि तिसऱ्याचं कारण आता मला आठवतही नाही, इतकं ते पोकळ होतं. सहलवाल्याला सांगायला मीच गेले. तो म्हणाला, “आजी, पुढच्या वर्षी नक्की ना?” मी म्हटलं, “मला विचारू नको, तिला विचार. आनि तिला विचारून काय उपयोग नाय.”

तिन्ही लग्नं उघड्या लॉनवर, पौषाच्या थंडीत. तिसऱ्या लग्नानंतर तिला खोकला लागला. छातीत कफ साठला. मी बघायला गेले तर उशाशी पासपोर्ट. मी म्हटलं, “आता कशाला घेऊन बसलीस?” तर म्हणाली, “त्यात माजा फोटो बरा आलाय.” होळीच्या आधी गेली.

माणसं खूप आली. लॉनवाला तर मोठ्याने रडला. बायका गळ्यात पडून म्हणत होत्या, आता आमच्या पोरींना हळद कोण लावणार? गावातला एक पुढारी म्हणाला, बाईने आयुष्य समाजाला वाहिलं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. वाहिलं नाही, तुम्ही घेतलंत. बारा महिन्यांतला एक पौष तिने स्वतःला ठेवला होता, तोही तुम्हाला पुरला नाही. पण मेलेल्या माणसाच्या दारात भांडू नये, म्हणून गप्प बसले. त्या आलेल्यांतल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की या बाईला कुठे जायचं होतं. कारण एकानेही विचारलं नव्हतं.

आणि तिच्यावरही मी तेवढीच चिडलेली आहे. बाहेरचे मागणारच. देणारीने हात आवरायला नको?

तेराव्यानंतर सुनेने सुपाऱ्यांचा डबा मला आणून दिला. “मावशी, हे तुम्हीच ठेवा. मला बघवत नाही.” मी तो फळीवर ठेवून दिला आणि पावसाळाभर उघडला नाही. श्रावण सरल्यावर एका सकाळी पनवेलला गेले. सहलवाल्याने मला ओळखलं. मी तिचं सांगितलं. मग म्हणाला, “आजी, सगळ्यांबरोबर जाता? सोपं पडेल.” मी म्हटलं, “नाय. तिनं सांगितलं तसंच. जाफन्यावरून.” तो लिहून घ्यायला लागला.

परवा दुपारी मी घरात लादीवर पीठ सोडत बसले होते. माझा हात तिच्यासारखा नाही, लंका जरा वाकडीच आली. सुपाऱ्या मांडून झाल्या होत्या. इतक्यात लॉनवाला आला, थेट आत. पायात पांढरे बूट.

“मावशे, पोराचं लगीन काढलंय. हलद पौषात.”

“बरं.”

“आता धवलारीन तूच. तिची सगली गानी तुलाच येतात.” त्याने सुपारी पुढे केली. “तुज्याबिगर माज्या पोराला हलद नाय लागनार.”

तेच शब्द. पोरीच्या जागी पोरगा, एवढाच फरक. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“नाय.”

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सगळं सांगितलं, यंदा स्पीकर लहान लावीन म्हणाला. मी म्हटलं, “कसलेबी लाव. पौषात मी हितं नाय.”

“कुठं जातेस?”

“लंकेला.”

“या वयात? तिकडं काय हाय?”

“ते बघायलाच चाललेय.”

तो सुपारी धरून तसाच उभा राहिला. कुणी नाही म्हटल्यावर ती सुपारी परत खिशात कशी घालायची, हे आमच्या गावात कुणाला शिकवलेलंच नाही. मी म्हटलं, “आता पाय उचल. त्रिंकोमालीवर उभा हायस.”