खालचा खण

गेरविन कासेबोम यांच्या कपाटांत मायर आडनावाची अकरा हजार माणसे गुण्यागोविंदाने नांदत होती. कोणी ते नाव चार तऱ्हांनी लिहो, कासेबोम सर्वांना एकाच रांगेत बसवत. जर्मनीच्या हेसेन प्रांतातील त्या कार्यालयात दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्यांचा शोध घेतला जाई; प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड असे. नावे ज्याने त्याने कानावर पडली तशी लिहिलेली. म्हणून कार्डे अक्षरांनी नव्हे, तर उच्चारांनी लावायची, असा दंडक होता. त्याची दोनशे अकरा कलमे कासेबोमांनी एकतीस वर्षांत स्वहस्ते लिहून काढली होती.

१९८२ च्या हिवाळ्यात अनेडोरे थील ही तरुण अभियंता संगणक घेऊन दाखल झाली व तिने ती कलमे मागितली. कासेबोमांनी अनुक्रमणिकेसह दिली. आपल्या जागी बसणाऱ्याला स्वतःच शिकवून तयार करताना माणसाच्या चेहऱ्यावर इतका अभिमान क्वचितच दिसतो.

"कासेबोमसाहेब, एकशे चाळीस आणि एकशे सत्तर ही कलमं एकमेकांच्या विरुद्ध जातात. यंत्राला कुठलं शिकवू?"

"दोन्ही, थीलबाई. कार्डाची नक्कल करून दोन्हीकडे ठेवायची."

"एका माणसाची दोन कार्डं?"

"हरवलेला माणूस आहे. दोन ठिकाणी शोधलेला बरा."

महिन्याभराने संचालक ब्रोकहोफ यांनी स्पर्धा जाहीर केली. बारा अर्ज, एकीकडे यंत्र, दुसरीकडे कासेबोम. यंत्र सरस ठरल्यास कार्डांची खोली बंद. बरोबरी झाल्यास कासेबोमांच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे चौदा महिने, ती चालू राहील.

"आणि नियमाबाहेर ठेवलेलं एक जरी कार्ड निघालं, तरी बंद," ब्रोकहोफ म्हणाले. "कार्ड नियमाबाहेर ठेवायचं नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"कलम तिसरे," कासेबोम म्हणाले.

यंत्राने तासाभरात अकरा माणसे शोधली. कासेबोमांनी दीड दिवसात तीच अकरा शोधली. बारावा अर्ज ल्यूबेकच्या हेडविग शामायटाट यांचा होता. त्या आठ वर्षांच्या असताना एका स्थानकावरील गर्दीत तीन वर्षांच्या भावाचा हात त्यांच्या हातातून सुटला होता. अर्जाच्या समासात त्यांनी लिहिले होते, "हात मी सोडला नव्हता." तो भाऊ कोणालाच सापडला नाही. बरोबरी झाली. 'शोध निष्फळ' असे पत्र टंकून सहीसाठी ठेवण्यात आले.

त्या दुपारी कासेबोमांच्या पुढ्यातले वाटाण्याचे सूप निवून गेले. त्यांच्या खोलीतील सर्वांत खालच्या खणाला कुलूप होते आणि किल्ली त्यांच्या जाकिटाच्या खिशात होती. वाटेत सापडलेल्या, स्वतःचे नाव धड सांगता न येणाऱ्या पोरांची कार्डे त्या खणात होती. बोबड्या बोलांना दोनशे अकरांपैकी एकही कलम लागू पडत नसे, आणि अंदाजाने कार्ड लावणे त्यांच्या लेखी अनाचार होता. म्हणून शिस्तीपायी त्यांनी तीस वर्षे बेशिस्त कुलपात ठेवली होती.

जेवण अर्धवट टाकून ते संचालकांच्या खोलीत गेले आणि एक पिवळे कार्ड टेबलाच्या कडेला समांतर ठेवले. त्यावर लिहिले होते: 'मुलगा, अंदाजे तीन वर्षे. नाव विचारता सांगतो: तामाता.' खाली तेच स्थानक, तोच दिवस आणि एका अनाथालयाचा पत्ता.

"हे कुठून काढलंत?"

"खालच्या खणातून."

"असली किती आहेत?"

"चारशे सोळा. तारखेनुसार लावलेली आहेत."

ब्रोकहोफ यांनी चष्मा काढला. "अहो, गप्प बसला असतात तर चौदा महिने कुणी हात लावला नसता. आता मला खोली बंद करावी लागेल."

"आदेश तीन प्रतींत लागेल, साहेब. छापील नमुना माझ्याकडेच आहे. आणि ल्यूबेकचं पत्र तेवढं बदलायला हवं."

पत्र बदलले, त्यात अनाथालयाचा पत्ता गेला. सोमवारी कासेबोमांनी किल्ल्या पोचपावती घेऊन परत केल्या. त्यांना थीलबाईंच्या खोलीत एक खुर्ची देण्यात आली, कारण ती चारशे सोळा कार्डे यंत्रात घालायची होती आणि यंत्र 'तामाता'शी शामायटाट जुळवायला काही केल्या तयार नव्हते.

"मला कानांनी ऐकल्याशिवाय नियम बांधता येणार नाही," थीलबाई म्हणाल्या. "तीन वर्षांचं पोर हे आडनाव कसं म्हणेल, म्हणून दाखवा."

कासेबोमांनी उठून दार लावले. पाठ वळवून वरची कवळी काढली, रुमालाची चौघडी करून तीत ठेवली, टाय नीट केला आणि वळून गंभीरपणे नाव उच्चारले.

"पुन्हा एकदा," थीलबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "छान. पुढचं कुठलं घेऊ?"

"तालखेनुताल," कासेबोम म्हणाले.