जिभेखालचा दोरा

माझं शेवटून दुसरं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात, साडेपंधरा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होतं. मी मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, इन्फंट्रीच्या एका कंपनीला जोडलेला. अशा पोस्टवर डॉक्टर नसतो. बटालियनचा डॉक्टर खाली, सहा तासांच्या उतरणीवर. वर मीच. जवान मला डॉक्टर म्हणायचे.

रोज ०७३०ला सिक रिपोर्ट. ज्याला काही होत असेल तो माझ्या बंकरमध्ये यायचा. मी तपासायचो आणि रजिस्टरमध्ये लिहायचो. शेरे तीनच: ड्यूटी, आराम, खाली. 'खाली' लिहिलं की त्या माणसाबरोबर चार जण द्यावे लागत. पोस्टवर आम्ही अठ्ठावीस होतो. त्यामुळे हा शेरा लिहिताना हात जड व्हायचा.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. रिटायर होऊन मी केजला राहतो. त्या पोस्टवर काय घडलं हे मी एकदाच सांगितलं, कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे लष्करी चौकशीत, आणि तेव्हा खोटं सांगितलं. खरं सांगायची वेळ यंदा आली, ती एका मांजरामुळे.

मांजर शमीमभाभींचं. भाभी म्हणजे लान्स नायक युसूफची बायको. युसूफ केजचाच. माझ्याच कंपनीत होता आणि त्या पोस्टवर असतानाच वारला. भाभी घरी शिवणकाम करतात. मुलगी पाटोद्याला दिली आहे. घरात भाभी, मशीन आणि नवाब नावाचा काळा-पांढरा बोका. पेन्शनच्या कागदांपासून दुखण्याखुपण्यापर्यंत त्या मला बोलावतात. मी जातो.

सोमवारी ०९१०ला त्यांचा फोन आला.

"अप्पा, नवाब कालधरनं उलट्या करायलाय. दूध दिलं, त्येबी टाकलं."

"दूध बंद करा."

"मग काय, बिर्याणी देऊ का?"

"काहीच देऊ नका. येतो मी."

नवाब मशीनखाली पाय दुमडून बसला होता. एरवी मला पाहिलं की पिशवी हुंगायला येतो. आज मान वर केली नाही.

"मिल्ट्रीचे डॉक्टर आलेत नवाबसाब," भाभी म्हणाल्या. "उठा, सलाम तरी करा."

फरशीवर पिवळा फेस होता. मी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. हिरड्या चिकट लागल्या. पोटाला हात लावताच तो गुरगुरला. शी कधी केली, विचारलं. भाभींना आठवत नव्हतं. चाटून चाटून पोटात केसांचा गोळा झाला असेल, नाहीतर उंदीर बाधला असेल, असं मी म्हणालो.

पिशवीत माझ्या उलटीच्या गोळ्या होत्या. हात तिथपर्यंत गेला. माणसाची गोळी मांजराला विष ठरू शकते, हे मला माहीत आहे. पण हात थांबला तो त्यामुळे नाही. तीच गोळी मी एकदा युसूफला दिली होती.

"खायला काही नको. अर्ध्या तासानं चमचाभर पाणी. उद्या बघू," असं म्हणून उठलो.

भाभींनी चहा पुढं केला आणि नेहमीचं वाक्य बोलल्या. "मुकी जात, अप्पा. आमच्या माणसावानी. जीव जायला आला तरी डॉक्टरला सांगितलं न्हाई. तुमी तर गावचेच व्हता. सांगायला काय जात व्हतं त्याचं?"

हे वाक्य मी त्या घरात ईदला ऐकलं आहे, त्यांच्या मुलीच्या लग्नात ऐकलं आहे. दर वेळी मी चहाच्या कपात पाहतो. त्या दिवशीही पाहिलं.

१०२०ला घरी आलो. पेपर घेतला, ठेवला. अंगणात फेऱ्या मारू लागलो. बायको म्हणाली, "काहून असं पिंजऱ्यातल्यावानी फिरायलाव? बसा की एका जागी."

बसलो. परत उठलो. काय काय तपासलं ते मनात मोजत होतो. कातडी, हिरड्या, पोट, श्वास. काहीतरी राहिलं होतं आणि काय राहिलं ते सापडत नव्हतं. 'उद्या बघू' हे माझेच शब्द कानात बसले होते. ११३०ला बूट घातले.

"आता कुठं?"

"तोंड बघायचं राहिलं."

"कुणाचं?"

मी तोवर दाराबाहेर पडलो होतो.

भाभींनी दार उघडलं. "मी बोलावलं न्हाई, मग कावून आलात?" पण मागोमाग म्हणाल्या, "बरं झालं आलात. पाणीबी टाकलं त्यानं."

नवाबला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलं. भाभींनी डोकं धरलं. मी जबडा उघडला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हनुवटीखालून दाबून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी काळा दोरा आवळलेला होता. एक टोक तिथं अडकलेलं, बाकीचा दोरा घशात गेलेला.

"या अल्ला. माजाच दोरा," भाभी म्हणाल्या. "मग वढा की!" त्यांनी बोटं पुढं केली.

"हात लावू नका!"

हा आवाज परेडचा होता. नवाब दचकला, भाभीही दचकल्या.

"पायजम्याची नाडी एका बाजूनं धरून ओढली की नेफा कसा चुणतो?"

"चुणतो की."

"आत आतडं तसंच चुणलंय. आता ओढला तर दोरा आतडं कापत येईल."

भाभींनी हात मागं घेतला आणि पदरात धरून ठेवला.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणासाठी खेड्यावर होते. फोनवर त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "ऑपरेशनच लागतंय. माझी वाट बघू नका, अंबाजोगाईला हलवा." शेरा 'खाली' होता. या वेळी मी विचार केला नाही. १२४०च्या जीपमध्ये बसलो. नवाब भाजीच्या टोपलीत, वरून ओढणी बांधलेली.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "मामा, टोपलीत कोंबडी हाय का?"

"नवाब हायेत," भाभी म्हणाल्या. "तू खड्डे बघ. ह्याला दणका बसला तर तुला दाखवते."

जीपमधले हसले. मी टोपलीत हात घालून श्वास मोजत होतो. दर पाच मिनिटांनी मोजायचो. भाभी विचारायच्या, "हाय न्हवं?" मी म्हणायचो, "आहे."

अंबाजोगाईला १३३५ला पोचलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. नवाबला टेबलावर घेताच त्यांनी आधी जीभ उचलली.

"कुणी ओढला नाही ना?"

"नाही."

"बरं केलंत. सकाळीही तुम्हीच तपासलं होतं? तेव्हा जीभ उचलून पाहिली नाही?"

"नाही पाहिली," मी म्हणालो. "पाहायला पाहिजे होती. चूक माझी."

त्यांनी नुसती मान हलवली आणि सलाईन लावायला घेतलं. त्यांच्यासाठी ते एवढंच होतं. मी दाराबाहेर आलो. असाच प्रश्न मला एकतीस वर्षांपूर्वी एका मेजरसाहेबांनी विचारला होता.

१४३०ला ऑपरेशन सुरू झालं. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. मी बसत होतो, उठत होतो.

"बसा हो अप्पा. तुमच्या फेऱ्यांनी दोरा निघणार हाय का?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "माजीच चूक. रीळ खाली पडलं असंल. आन ही जात बोलत न्हाई. आमच्या माणसानं तरी..."

"भाभी," मी म्हणालो, "युसूफनं सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उभा होतो, उभ्यानंच सांगितलं.

युसूफ रजेवरून परत येऊन चौथा दिवस होता. ०७४०ला तो माझ्याकडं आला. रात्रभर डोकं दुखतंय, दोन उलट्या झाल्या, म्हणाला. त्या उंचीवर डोकेदुखी आणि उलटी म्हणजे मेंदूला सूज येत असू शकते. अशा वेळी माणसाला सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत चालवून पाहायचं. तोल गेला तर लगेच खाली न्यायचं. दुसरा उपाय नाही. हे मला पाठ होतं. आदल्या आठवड्यात मी आमच्या बीड जिल्ह्यातल्याच एका जवानाला दोन दिवस आराम दिला होता. त्यावरून पोस्टभर चेष्टा चालली होती. त्या सकाळीही बंकरच्या दारातून सुभेदारसाहेब म्हणाले, "काय डॉक्टर, गाववाल्यांसाठी वेगळा दवाखाना काढला काय?" सगळे हसले. मीही हसलो. युसूफला चालवून पाहिलं नाही. म्हणालो, डब्यातली मच्छी बाधली असेल. गोळी दिली आणि ड्यूटीवर पाठवलं. रजिस्टरमध्ये लिहिलंही नाही. लिहिलं असतं तर गाववाल्याचं नाव परत दिसलं असतं.

"मग?" भाभी म्हणाल्या.

"१११५ला परत आला."

"परत?"

"हो. दुसऱ्यांदा."

"काय म्हणला?"

"म्हणाला, अप्पा, माज्या पायाखाली जमीन हलायलीय."

"तुमी काय म्हणलात?"

हे सांगायचं नाही, असं मी जीपमध्ये ठरवलं होतं. तरी सांगितलं. "म्हणालो, नाटक करू नको बे. जा, बर्फ वितळवायचाय."

मी पुढचं सांगितलं. तेव्हा आभाळ साफ होतं. चार माणसं दिली असती तर तो अंधाराच्या आत खाली पोचला असता. १३००ला ढग उतरले. १५४०ला युसूफ पाण्यासाठी बर्फ वितळवायच्या डब्यांजवळ पडलेला सापडला. हाक मारली तरी ओ देत नव्हता. मी स्वतः रेडिओवर होतो.

"कॅज्युअल्टी एक. सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"निगेटिव्ह. व्हिजिबिलिटी निल. स्ट्रेचरनं उतरवा. ओव्हर."

स्ट्रेचरची पुढची डावी दांडी माझ्या खांद्यावर होती. १८५५ला त्याचा श्वास थांबला. आम्ही अर्ध्याहून कमी उतरलो होतो.

इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, आजारी असल्याचं त्यानं पहिल्यांदा कधी सांगितलं? मी म्हणालो, सांगितलं नाही सर. १५४०लाच कळलं. सुभेदारसाहेब समोर होते, ते खाली पाहत राहिले. कागदावर वाक्य आलं: 'जवानाने यापूर्वी कोणतीही तक्रार केली नव्हती.' तेच वाक्य पत्रातून केजला आलं. ते पत्र भाभींना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेही मीच, पुढच्या रजेत.

"शेवटी काय बोलला?" भाभींनी विचारलं.

"शेवटी शुद्ध नव्हती. शेवटचं बोलणं तेच, सव्वाअकराचं."

भाभी समोरच्या रस्त्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं शिव्या दिल्या मी त्याला. रोज. पोरीला सांगत आले, तुजा बाप घुम्या व्हता, तोंड उघडलं असतं तर आज आपल्यात असता."

माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या. लिहून द्या मला. सरकारी कागदावर लिवतात तसं, टायमासकट. पोरीला वाचू दे."

"देतो."

"आन तवर माज्या घरी येऊ नका."

दार उघडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं, पण दोरा सगळा निघाला. दोन-तीन दिवस जपावं लागेल." भाभी उठून आत गेल्या. मी बाहेरच थांबलो.

नवाबला दोन दिवस तिथंच ठेवलं. भाभी मुक्कामाला एका नात्यातल्यांकडं राहिल्या. मी एकटा परत आलो. निघताना डॉक्टरबाईंना विचारून घरी काय काय करायचं ते सगळं कागदावर उतरवलं होतं: किती किती तासांनी, किती चमचे, मिठाशिवायचं चिकनचं पाणी कधी, टाके कधी बघायचे, परत उलटी झाली तर काय. तो कागद मी भाभींच्या हातात दिला. त्यांनी घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही.

घरी मला चैन नव्हतं. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता फिरू नका. लिवायला बसा." तरी चार दिवस कागद कोराच होता. पाचव्या दिवशी पाटोद्याहून युसूफच्या मुलीचा फोन आला. नवाब दोनदा जेवला, पोटात राहिलं, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अप्पा, अम्मी विचारायलीय, लिवलं का?"

त्याच दुपारी लिहिलं. त्यांना दिलेल्या कागदावर आहे तेच इथं देतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडं 'तक्रार केली नव्हती' हे जुनं वाक्य राहिलं असेल तर ते खोडता येईल.

लान्स नायक युसूफ, राहणार केज. रजेवरून पोस्टवर येऊन चौथा दिवस. पहिला रिपोर्ट ०७४०: डोकेदुखी, दोन उलट्या. नर्सिंग असिस्टंटने चालवून पाहिले नाही. दुसरा रिपोर्ट १११५: पायाखालची जमीन हलत असल्याचे सांगितले. नर्सिंग असिस्टंटने तपासले नाही, अपशब्द वापरून परत पाठवले. त्या वेळी हवामान साफ होते, खाली नेणे शक्य होते. १५४०: बेशुद्ध. १८५५: स्ट्रेचरवर मृत्यू. जवानाने आपली तक्रार वेळेवर, स्पष्ट शब्दांत आणि दोन वेळा केली होती.