अकरा ते एकची बॅच

चौकशीमावशी कुठल्याही दुकानात गेल्या की भाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "तुमच्याकडं गर्दी कधी नसती?" लग्नसराई संपली की त्या शिंप्याकडे कपडे टाकायच्या आणि तो चहा पाजून, हवे तसे शिवून द्यायचा. "रिकामा माणूस गोड बोलतो," असं त्यांचं म्हणणं. बजाजनगरात त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या गंगापूरकडच्या. खरं नाव वेगळं होतं, पण गल्लीत सगळे त्यांना चौकशीमावशीच म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं.

त्यांचे यजमान, आमचे काका, वाळूजच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. कंपनीच्या तपासणीत त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम करा. आमच्या रस्त्यावर पहाटेपासून ट्रक आणि कंपनीच्या बसेस. फिरायला जायचं म्हणजे धूळ खायची. तेव्हा मावशींनी परवडणारी जिम शोधायचं मनावर घेतलं. मला कॉलेजला सुट्टी होती, म्हणून सोबतीला मी.

आम्ही सहा-सात जिम पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच बोलणं: वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट, जोडीनं आलात तर आणखी सूट. मावशी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अन् दोन महिन्यांत आमची हौस फिटली तर? मशीन बी तुमच्याकडं, पैसे बी तुमच्याकडंच." मग आम्ही पुढची जिम गाठायचो.

शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या जिममध्ये आम्ही भरदुपारी पोचलो. आत मालक एकटेच मोबाइल बघत बसलेले. त्यांना सगळे सर म्हणायचे.

"सर, इथं तर कोणीच नाय," मावशी म्हणाल्या.

"दुपारी नसतंच कोणी. लोक सकाळी येतात, नाहीतर संध्याकाळी."

"भाडं मात्र दुपारचं बी लागत असंल."

सरांनी मोबाइल बाजूला ठेवला. अर्ध्या तासात मावशींनी आपलं म्हणणं मांडलं. अकरा ते एक फक्त बायका. एक ते दोन त्याच घरांतले सेकंड शिफ्टवाले पुरुष. फी दर महिन्याला, ती पण माणशी नाही, घराला एक. सरांनी कागदावर हिशोब मांडला. मग म्हणाले, "दहा घरं आणा, मग बघू."

नऊ घरं मावशींनी आठवड्यात गोळा केली. दहावं आमचं व्हायचं होतं आणि आई तयार नव्हती. तिची कंबर दोन वर्षं धरलेली होती. भाजीलाही ती मलाच पाठवायची. "ह्या वयात जिम? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मावशी म्हणाल्या, "लोक कंपनीत असत्यात. अकराला कोण मोकळंय बघायला?" आई हसली, पण हलली नाही.

तीन दिवस मावशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईसोबत लसूण सोलत बसल्या. तिसऱ्या दिवशी सोलता सोलता त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, मला बी तिथं जायला भ्याव वाटतंय. तू असलीस तर जाईन." मावशींना कशाची भीती वाटते हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आईनं हातातला लसूण खाली ठेवला. "उद्या किती वाजता?" तिनं विचारलं.

गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, ते काकाच येईनात. "आठ तास लोखंडच उचलतो. आता पैसे भरून उचलू व्हय?" मावशी भांडल्या नाहीत. स्वतः नेमानं जात राहिल्या. दोन महिन्यांनी एकदा जेवताना त्या सहज बोलल्या, "तिथल्या एका मशीनची पुली लई करकर करतीय. सरांना काय ते जमंना."

दुसऱ्या दिवशी एक वाजता काका पाने घेऊन हजर. पुली दुरुस्त केली, तेल घातलं, मग बसून दहादा ओढून बघितली. नंतर आणखी दहादा. "चाचणी घ्यावी लागती," सरांना त्यांनी सांगितलं. ती चाचणी पुढे तीन वर्षं चालली. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली, त्या दिवशी मावशींनी अख्ख्या बॅचला भाजलेले शेंगदाणे वाटले. पेढे का नाहीत, असं कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि दोघं गावाकडे राहायला गेली. टेम्पो सकाळी दहाला निघाला. मावशी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. आईचा हात त्यांनी खिडकीतून बराच वेळ धरून ठेवला होता. टेम्पो वळणापलीकडे गेला आणि बायका आपापल्या घरात शिरल्या. मला वाटलं, आज काही बॅच होत नाही. आज काय, आता कधीच होत नाही.

पावणेअकराला आई कपडे बदलून बाहेर आली. डोळे पुसतच तिनं चपला घातल्या. समोरच्या बंद दाराकडे तिनं एकदा पाहिलं, मग पुढच्या घराशी जाऊन कडी वाजवली आणि म्हणाली, "अकरा वाजत आले. चला."