शेवटचं पान बघून घेतलेली पुस्तकं

आमचे हेडमास्तर पुस्तक उलटं उघडायचे. म्हणजे थेट शेवटचं पान. तिथे तात्पर्य छापलेलं असलं की पुस्तक शाळेसाठी चांगलं, नसलं की वाईट. मधली पानं त्यांनी कधी वाचली असतील असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जाऊ दे, जायलाच हवी.

मी मूळची बोर्डीची, चिकूच्या वाडीत वाढलेली. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा तलासरीकडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वर्गात बहुतेक मुलं डोंगराकडच्या पाड्यांवरची. शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला कुलूप, आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला बांधलेली. आता सांगा, ती किल्ली मागायची तरी कशी?

त्या वर्षी नवी पुस्तकं घ्यायला मंजुरी आली आणि आम्ही दोघं एस.टी.नं डहाणू रोडला गेलो. स्टेशनाजवळ एका गुजराती शेठचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मी अधाशासारखी पुस्तकं काढत सुटले. चंद्रावर डाग का दिसतात, बोट पाण्यावर तरंगते कशी, मुंग्या घर कसं बांधतात. चित्रं तर अशी की मलाच खाली बसून वाचावंसं वाटलं.

हेडमास्तरांनी बोटीचं पुस्तक उचललं, शेवटचं पान पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "बाई, यात बोध काय?"

"बोट कशी चालते ते कळेल ना मुलांना."

"त्यांना कुठे बोट चालवायचीय? नीती हवी, नीती!"

बोध कसला डोंबलाचा! त्यांनी घेतलेली पुस्तकं मी पाहिली. पहाटे उठणारा मुलगा, वडिलांचा शब्द न मोडणारा मुलगा, वाढदिवसाचे पैसे देवळात टाकणारा मुलगा. आमच्या वर्गातली पोरं कोंबड्याच्या आधी उठून पाणी भरून यायची. वाढदिवस म्हणजे काय हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना कसली नीती शिकवता?

एक चोराची गोष्ट होती. चोर एका घरात शिरतो, तर त्या घरात लग्न. वधूकडचे त्याला वराकडचा पाहुणा समजतात, वराकडचे वधूकडचा. बिचारा निघू बघतो आणि दर वेळी कोणीतरी हाताला धरून पंगतीत बसवतं. मी दुकानात उभी राहून खुदुखुदु हसत होते. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "पोरं चोऱ्या शिकतील," आणि पुस्तक परत फळीवर. मी सरळ पर्स काढली आणि ते माझ्या पैशानं घेतलं. शेठ हळूच म्हणाला, "बेन, सारी चोपडी छे," म्हणजे पुस्तक चांगलं आहे. बोटीचं पुस्तकही त्यानं त्यातच बांधून दिलं.

मला ती पुस्तकं एका मुलीसाठी हवी होती. चौथीतली, पाड्यावरची. वाचायला लागल्यापासून तिला काहीही पुरेना. गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून वाचायची. पण बापानं बजावलं होतं, दिवाळीनंतर गवत कापायला जायचं, शाळा पुरे. आमच्याकडे पाऊस सरला की गवताची कापणी निघते. व्यापारी माणसं गोळा करतात आणि घरंच्या घरं पोराबाळांसकट माळावर जाऊन राहतात. गेलेलं पोर सहसा परत वर्गात दिसत नाही.

मी तिला चोराचं पुस्तक दिलं. ती रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून घरच्यांना वाचून दाखवायची आणि सकाळी येऊन मला सांगायची, "बाई, बाप लय हसला." मग एक दिवस निरोप आला. बाप म्हणाला होता, पुस्तक संपेपर्यंत पोर शाळेत येऊ दे. मी तर मनातल्या मनात नाचलेच! हे संपलं की बोटीचं, ते संपलं की मुंग्यांचंही विकत आणू. बोर्डीहून टोपली भरभरून आणीन, पण हिचं पुस्तक संपू देणार नाही, असं मी ठरवलं.

तेवढ्यात हेडमास्तरांनी घोळ घातला. पाढ्यांच्या तासाला पोर मांडीवर पुस्तक ठेवून वाचताना सापडली. पुस्तक गेलं कपाटात. मी भांडले, विनवण्या केल्या. ढिम्म हलले नाहीत. "कपाटातलं पुस्तक खराब होत नाही, बाई," म्हणे!

दोन-तीन दिवसांनी बाप स्वतः शाळेत आला. लेक मागे उभी. ओट्याखाली पायताण काढून, हात जोडून त्यानं विचारलं, "मास्तर, त्या चोराचं पुढं काय झालं?"

आयुष्यात शाळेची पायरी न चढलेला माणूस गोष्टीसाठी आला होता. हेडमास्तरांनी कपाट उघडलं. मला वाटलं, देतायत! त्यांनी पुस्तक काढलं, शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाले, "चोर पकडला जातो. तुरुंगात जातो. संपलं."

बापानं पायताण पायात घातलं. "संपलं व्हय," म्हणाला, आणि लेकीला घेऊन निघाला. मी मागे धावले, दुसरं पुस्तक आहे म्हणून ओरडले. तो मान हलवत चालत राहिला.

परत येऊन मी हेडमास्तरांना नाही नाही ते बोलले. ते खरोखरच गोंधळले होते. "अहो, त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्याचा वेळ वाचला."

वेळ वाचला! मेल्यांनो, कुणाचा वेळ आणि कशासाठी वाचला?

रविवारी बोटीचं पुस्तक घेऊन मी पाड्यावर गेले. पोर नव्हती. मावशीबरोबर गवतावर गेली होती, घरचे मागून निघणार होते. बापानं मला बसायला खाट दिली. मी म्हटलं, "अहो, चोर सापडतो कसा यातच तर गंमत आहे."

"ती नाय मानत तो सापडला म्हणून," बाप म्हणाला. "मास्तर खोटं बोलला म्हणते. तिनं आमाला पुढचं सांगितलं. वरात निघाली ना, चोर पण गाडीत बसला. नवरीच्या सासरी गेला. तिथं सगळे त्याला मामा म्हणतात. भात लावतो, पोरं खेळवतो. अजून कुणाला कळलं नाय!" सांगता सांगता त्याला हसू आवरेना.

मला मात्र रडू फुटलं. छापील गोष्ट पुसून आपली गोष्ट रचणारी पोर माळावर विळा घेऊन वाकली होती, आणि कपाटातली नीती कोरी करकरीत उभी होती. बाप घाबरला. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटलं असावं.

"रडू नका, बाई," तो म्हणाला. "गवत सरलं की पाठवतो."

गवत सरलं. पुढच्या वर्षीचंही सरलं. ती आली नाही.