तो मला ‘आपण’ म्हणाला
जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला आमच्या गावातली ती प्रचारसभा आठवते. धान निसवायला आलं होतं, आणि आम्ही बाया देवळासमोर सतरंजीवर पुढेच बसलो होतो. उमेदवार आमच्याच भागातला, एरवी गाडीची काच खाली करून कोणालाही ‘काऊन रे’, ‘काऊन वं’ म्हणणारा. चिडला तर शिव्याही द्यायचा, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. मी उठून विचारलं, “नहराचं पाणी आमच्या धानाच्या बांधीत काऊन येऊन नाही राहिलं?” त्यानं भाषण थांबवलं, हात जोडले आणि माइकवर अगदी हळू म्हणाला, “ताई, आपण फार चांगला प्रश्न विचारलात. आपलं घर कोणतं, तेवढं सांगावं. आमची माणसं आपल्याला येऊन भेटतील.” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारची बाई जरा लांब सरकली. सासूनं माझं मनगट धरलं. “चाल वं घरी,” ती कानाशी म्हणाली, “थो तुले आपण म्हणून राहिला.” संध्याकाळी एक पांढरी गाडी दारापुढे थांबली. कोणी उतरलं नाही. आतून एकानं हात जोडले, “नमस्कार ताई, घर पाहून ठेवलं,” म्हणाला आणि गाडी गेली. पाणी आलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. आता मुलगी पुण्याहून फोनवर सांगते की तिकडे सगळे किती अदबीनं बोलतात, आणि मी तिला विचारते, दाराला कडी लावतेस ना.